‘शांत आहे’ हे निरीक्षण नव्हे: घरातल्या सशाकडून शिकलेला संशोधनाचा धडा



विषय ठरला, संशोधनाचा प्रश्न कागदावर उतरला, आता पुढे काय? पुढे येतं ते निरीक्षण. पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांना ही पायरी सोपी वाटते. बघायचं आणि लिहायचं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? मलाही एम.एस्सी. होईपर्यंत असंच वाटायचं. हा समज माझ्या घरातल्या एका सशाने मोडला, आणि तो मोडताना त्याचा जीव जाता जाता वाचला. आज तीच गोष्ट सांगते. तिच्या आधाराने निरीक्षणाची पद्धत समजून घेऊ. घरी ससा असेल तर त्याच्याही उपयोगी पडेल.

एका शब्दाची चूक

माझं पीएच.डी.चं काम साळुंक्यांच्या वर्तनावर आहे. सशांची मी तज्ज्ञ नाही. ताईची बदली झाली, नव्या घरमालकाने प्राणी ठेवायला नकार दिला, आणि भाचीची बुंदी माझ्याकडे आली. अडीच वर्षांची मादी, पांढरी, पाठीवर तपकिरी ठिपके. रोज रात्री भाचीला बुंदीची खबर कळवायची, असा आमचा करार होता.

मे महिन्यातला शनिवार होता. सोमवारी प्रगती अहवाल द्यायचा होता. एरवी सारखी पायात घुटमळणारी बुंदी त्या दिवशी सकाळपासून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून होती. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. रात्री मेसेज केला, “बुंदी आज एकदम शांत आहे. अजिबात त्रास नाही.” दोन मिनिटांत फोन वाजला. नऊ वर्षांच्या भाचीने एकच प्रश्न विचारला, “मावशी, लेंड्या किती टाकल्या?”

मला माहीत नव्हतं. मी ट्रे ओढून पाहिला. सकाळी साफ केलेल्या ट्रेमध्ये जेमतेम सात-आठ लेंड्या होत्या, त्याही मुगाच्या दाण्याएवढ्या. गवत ठेवलं होतं तसंच होतं. बुंदी पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसली होती. जवळ गेल्यावर दात करकर वाजल्याचं ऐकू येत होतं.

रात्री साडेदहाला एक पशुवैद्य सापडले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, आतड्यांची हालचाल मंदावली आहे. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच आणायचं. मग सलाईन, वेदनाशामक औषध आणि नंतर दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाणं. मंगळवारी पहाटे ट्रेमध्ये चांगल्या हरभऱ्याएवढ्या लेंड्या दिसल्या. त्यांचा फोटो मी ताबडतोब भाचीला पाठवला. इतक्या आनंदाने मी माझ्या पहिल्या शोधनिबंधाची लिंकही कुणाला पाठवली नव्हती!

नंतर मी तो शनिवारचा मेसेज पुन्हा वाचला. मी पाहिलं काय होतं? एका जागी बसलेला ससा, कमान झालेली पाठ, अर्धे मिटलेले डोळे, न हललेलं गवत. आणि लिहिलं काय? ‘शांत’. चार गोष्टी डोळ्यांना दिसल्या होत्या. माझ्या सोयीने मी त्यांचा एक अर्थ लावला आणि चारही नोंदी पुसून तो अर्थ तेवढा ठेवला. साळुंकीच्या वहीत ‘शांत’ लिहिलं असतं तर माझ्या गाईडनी लाल पेनाने खोडलं असतं. ती शिस्त मी कॅम्पसच्या गेटवरच सोडून येत होते.

वर्णन आधी, अर्थ नंतर

वर्तनाच्या अभ्यासात सुरुवातीला एक यादी करतात. तिला इथोग्राम म्हणतात, आपण वर्तनसूची म्हणू. या यादीत प्रत्येक वर्तनाला एक नाव आणि त्याची अशी व्याख्या असते, की प्राण्याला पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसालाही ते वर्तन ओळखता यावं. व्याख्येत भावना येत नाही, हेतू येत नाही. शरीराचा कोणता भाग, कुठे, कसा हलला, एवढंच.

बुंदी बरी झाल्यावर मी आणि भाचीने व्हिडिओ कॉलवर बसून अशी सूची केली. तिच्यातल्या काही नोंदी बघा:

• पाय आपटणे: मागचा एक किंवा दोन्ही पाय जमिनीवर जोरात आपटून आवाज काढणे.
• हनुवटी घासणे: हनुवटीचा खालचा भाग एखाद्या वस्तूवर टेकवून पुढे सरकवणे.
• उसळी: चारही पाय जमिनीपासून सुटणे आणि हवेत अंगाला पीळ पडणे.
• लवंडणे: बसलेल्या स्थितीतून एकदम कुशीवर पडणे आणि पडून राहणे.
• कमान बसक: पाठ उंच, पोट जमिनीपासून वर किंवा पायांत आवळलेलं, डोके आत ओढलेलं.
• दात वाजवणे, हळू: अंगावरून हात फिरवताना जबड्याची हलकी हालचाल.
• दात वाजवणे, जोरात: हाताळत नसताना, थोड्या अंतरावरूनही ऐकू येणारी करकर.

शेवटच्या दोन नोंदी मुद्दाम वेगळ्या केल्या आहेत. नुसतं ‘दात वाजवणे’ असं एकच नाव दिलं असतं तर सुखाने बसलेला ससा आणि दुखण्याने कळवळणारा ससा एकाच रकान्यात गेले असते. आवाजाची तीव्रता आणि त्या वेळची परिस्थिती व्याख्येत आणली की दोन्ही वेगळे होतात. चांगली व्याख्या अशीच असते. तुमचा विषय समाजशास्त्राचा असो की शिक्षणशास्त्राचा, ‘विद्यार्थी निरुत्साही होते’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी नेमकं काय पाहिलं? वही बंद होती? मान खाली होती? प्रश्नाला उत्तर आलं नाही?

सूची जमली की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. एकच व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे बघायचा आणि दर दहा सेकंदांनी काय दिसलं ते लिहायचं. समजा ३० नोंदींपैकी २४ जुळल्या, म्हणजे ८० टक्के सहमती. पण काही नोंदी निव्वळ योगायोगानेही जुळतात. म्हणून जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा निर्देशांक वापरतात. तो योगायोगाने जुळणारा वाटा वजा करतो. सहमती कमी आली तर निरीक्षकाला दोष देण्याआधी व्याख्या सुधारा.

ज्याचा अभ्यास करायचा तो आहे कोण?

याला आपण साहित्य आढावा म्हणतो आणि कंटाळा करतो. सशाच्या बाबतीत हा कंटाळा फार महागात पडतो.

पहिली अडचण मराठीतच आहे. आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ‘ससा’ म्हणतो. आपल्या माळरानावरचा ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे, तो पकडून पाळता येत नाही. घरात पाळतात तो ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. याचं मूळ स्पेन-पोर्तुगालचा आयबेरियन द्वीपकल्प आणि दक्षिण फ्रान्सच्या भागात. तो जमिनीखाली बिळांचं जाळं करून गटाने राहतो, त्याची पिल्लं उघडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. एकावरची माहिती दुसऱ्याला लावली तर सगळंच चुकतं. तुमच्या विषयातही असे शब्द असतील, एक नाव आणि आत दोन वेगळ्या गोष्टी. ते आधी शोधा.

दुसरी गोष्ट, हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसतं, पण नाकाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही. त्यामुळे समोरून नाकाजवळ अचानक आलेला हात त्याला घाबरवतो. वरून झडप घालून उचललं तर घारीच्या पंजाचाच अनुभव. घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली तर त्याचाच मणका मोडू शकतो. म्हणून जमिनीवर बसा, त्याला जवळ येऊ द्या, उचलायचंच असेल तर छाती आणि मागचा भाग दोन्हींना आधार द्या. कान धरून तर कधीच उचलू नका. शिकार होणारा प्राणी दुखणंही लपवतो. बुंदी ओरडली नाही, कण्हली नाही. ती फक्त बसून राहिली.

तिसरी गोष्ट पोटाची. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि आतडी सतत चालती राहावी लागतात. दोन्हींसाठी तंतुमय गवत लागतं. चित्रांत ससा नेहमी गाजर खातो, पण गाजर गोड असतं, ते अधूनमधून तुकडाभरच द्यावं. आहाराचा मोठा भाग वाळलेलं गवत असावा. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, म्हणून मोठ्या सशाला तो रोजचं खाणं म्हणून देत नाहीत. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. शिवाय तो दोन प्रकारची विष्ठा टाकतो. कोरड्या गोल लेंड्या आपल्याला ट्रेमध्ये दिसतात. मऊ, घोसासारखी विष्ठा तो थेट गुदद्वारापासूनच खातो आणि तिच्यातली जीवनसत्त्वं नि प्रथिनं परत मिळवतो. हे माहीत नसलेला माणूस ‘घाणेरडी सवय’ असं लिहून मोकळा होतो. आणि लेंड्या मोजणं म्हणजे पोटाच्या आतलं बाहेरून मोजणं, हे माहीत नसलेली मी ट्रे न बघताच मेसेज पाठवून मोकळी झाले.

केव्हा बघता, त्यावर काय दिसतं ते ठरतं

ससा पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतो. दुपारी दोनला निरीक्षण केलं तर निष्कर्ष निघेल, ‘ससा आळशी आहे’. हा निष्कर्ष सशाबद्दल काही सांगत नाही, तुमच्या वेळापत्रकाबद्दल सांगतो.

याहून बोलकं उदाहरण आईचं आहे. सशाची मादी पिल्लांना साधारण दिवसातून एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं. बाकी वेळ ती घरट्यापासून लांब राहते. बऱ्याच घरांत माणसं घाबरतात, ‘आईने पिल्लांना टाकलं’, आणि पिल्लांना बाटलीने गायीचं दूध पाजायला लागतात. त्यात पिल्लं दगावतात. त्यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. आई खरंच जवळ नव्हती. पण ती तीन मिनिटं त्यांच्या निरीक्षणाच्या वेळेत बसली नव्हती. पिल्लांची पोटं सकाळी भरलेली, गोल दिसतात का, हे बघितलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

या अडचणीवर जीन ऑल्टमन यांचा १९७४ मधला निबंध प्रत्येकाने वाचावा. त्या आफ्रिकेतल्या बबून माकडांवर काम करत. निरीक्षणासाठी नमुना कसा निवडायचा याच्या पद्धती त्यांनी नीट मांडल्या. तीन पद्धती इथे पुरेशा आहेत. ‘जमेल तशी नोंद’ म्हणजे लक्ष वेधेल ते लिहायचं. ओळख होण्यासाठी ती ठीक आहे, पण तिच्यात ठळक गोष्टीच भरतात. उसळी दिसते, गवत न खाणं दिसत नाही. ‘फोकल सॅम्पलिंग’मध्ये एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवून सगळं लिहायचं. ‘स्कॅन सॅम्पलिंग’मध्ये ठरावीक अंतराने नजर टाकून त्या क्षणी कोण काय करतंय तेवढंच लिहायचं. माझा तो शनिवारचा मेसेज पहिल्या प्रकारातला होता. भाचीचा प्रश्न मात्र शिस्तीतल्या मोजणीचा होता, कारण ती रोज मोजायची. रोजचा आकडा माहीत असल्याशिवाय आजचा आकडा कमी आहे हे कळणार कसं?

एकाच ‘का’चे चार प्रश्न

बुंदी खुर्चीच्या पायाला हनुवटी घासते. का? निको टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये सांगितलं की या ‘का’मध्ये चार वेगळे प्रश्न आहेत. एक, शरीरात काय घडतं? सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्यांचा स्राव वस्तूला लागतो. दोन, हे वर्तन वाढीच्या कोणत्या टप्प्यावर सुरू होतं? तीन, त्याचा उपयोग काय? चार, उत्क्रांतीच्या वाटेवर ते कुठून आलं, सशाच्या नातेवाईक प्राण्यांत ते दिसतं का?

उपयोगाच्या प्रश्नावर रोमन मायकिटोविच यांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सशांवर बरंच काम केलं. गटातल्या वरच्या स्थानाच्या सशांमध्ये ही ग्रंथी आणि तिचा वापर जास्त असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बुंदी लाडाने गाल घासत नाही, खुर्चीवर आपला शिक्का मारते! तुमच्या सिनॉप्सिसमधला ‘का’ही असाच सुटा करून बघा. तीन महिन्यांत संपणारं काम कोणतं आणि तीस वर्षांत न संपणारं कोणतं, ते लगेच कळतं.

‘त्याला ते आवडतं’ हे तुम्हाला कसं कळलं?

सशाला पाठीवर उताणं धरलं की तो निपचित पडतो. माणसं म्हणतात, बघा किती निवांत झोपला. इथे निरीक्षण एक आहे, निपचित पडणं. स्पष्टीकरणं दोन आहेत, निवांतपणा किंवा भीती. अशा वेळी दोन्ही स्पष्टीकरणांतून वेगवेगळं काय दिसायला हवं, हे आधी लिहून काढायचं. निवांत असेल तर शरीरात ताणाच्या खुणा दिसू नयेत आणि सोडल्यावर ससा सहज वागावा. घाबरला असेल तर उलट.

ॲन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच तपासलं. शारीरिक खुणा आणि आधी-नंतरचं वर्तन, दोन्ही भीतीकडे बोट दाखवत होते. शिकाऱ्याच्या तोंडी सापडल्यावर मेल्यासारखं पडण्याचाच हा प्रकार. म्हणजे फोटोसाठी सशाला उताणं धरणारे त्याला रोज थोडं थोडं मारतात. ‘शांत’ या शब्दाने इथेही दगाच दिला.

सगळेच सांगतात, म्हणून?

आता थोडं संदर्भांविषयी. ससा माणसाळला कसा, याची एक सुरस कथा कित्येक वर्षं शोधनिबंधांतही छापली जायची. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्लं मासळीत धरावीत असं फर्मान काढलं, उपवासात ती चालू लागली, म्हणून फ्रान्समधल्या मठांत ससे पाळायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये इव्हान अर्व्हिंग-पीज, ग्रेगर लार्सन आणि सहकाऱ्यांनी या कथेचा माग काढला. असं फर्मान सापडलंच नाही. सापडला तो दुसऱ्याच ग्रेगरींचा, टूर्सच्या ग्रेगरींचा मजकूर. त्यात उपवासाच्या दिवसांत सशाची पिल्लं खाणाऱ्या एका माणसाचा उल्लेख आहे, एवढंच. नामसाधर्म्याने एक कथा तयार झाली आणि प्रत्येकाने आधीच्या निबंधावरून उतरवून घेतली. मूळ पान कुणीच उघडलं नाही. तुमच्या संदर्भसूचीत ‘तिसऱ्याने दुसऱ्याकडून घेतलेलं’ किती आहे, एकदा मोजा.

एक ससा म्हणजे एकच ससा

उत्साही वाचकांसाठी एक इशारा. बुंदीच्या २०० नोंदी म्हणजे २०० सशांच्या नोंदी नव्हेत. नमुन्याचा आकार एकच राहतो. एका प्राण्याकडून गृहीतक सुचू शकतं, सिद्ध होत नाही. आणि घरी ‘प्रयोग’ म्हणून सशाला मुद्दाम घाबरवू नका. संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करायचा तर प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, घरी तशी समिती नसते, म्हणून जबाबदारी उलट वाढते. नुसतं बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ: घरातला ससा, मांजर, खिडकीतलं कबुतर, कोणताही एक प्राणी निवडा. पाच वर्तनांची सूची करा. व्याख्येत एकही भावनावाचक शब्द नको. रोज सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं, सात दिवस नोंद करा. मग ती सूची घरातल्या कुणाच्याही हातात द्या आणि त्यांना तेच दिसतंय का बघा. लहान मूल असेल तर उत्तम, ती फार कडक परीक्षक असतात.

माझ्या फ्रिजवर आता एक तक्ता चिकटवलेला आहे: गवत किती संपलं, पाणी किती, लेंड्या किती आणि केवढ्या, कशी बसली. उन्हाळ्यात खोलीचं तापमानही लिहिते, कारण सशाला घाम येत नाही आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास होतो. शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना आहे, मन मोकळं करायला. तिथे मी हवं ते लिहिते, लाडाचंही लिहिते. पण तो रकाना सगळ्यात शेवटी भरायचा, असा भाचीचा नियम आहे. काल तिने तक्त्याचा फोटो बघून विचारलं, “मावशी, गुरुवारी पाणी लिहिलं नाहीस?”

गाईड बदलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. भेटू पुढच्या लेखात!